वाटसरूचें पाणी

पायीं प्रवास करणाऱ्यास एखादे वेळीं भाकरी नसली तरी चालते. पाणी नसलें तर पाऊल पुढें पडत नाहीं. आमच्या मालवण, देवगड, वेंगुर्लें, कणकवली या भागांत अलीकडे तरुण मंडळी पाठीवर पिशवी टाकून आठ-आठ दिवस पायीं हिंडतात. समुद्राच्या कडेनें जातात, सह्याद्रीचे घाट चढतात, मोडके गड पाहतात. हा छंद चांगला आहे. परंतु त्यांच्यापैकीं कोणी मला विचारलें, कीं या वाटेवर भरंवशाचें पाणी कोठें मिळेल, तर मी त्यास नकाशाच्या आधीं इतिहास उघडावयास सांगतों. कारण हा प्रश्न या किनाऱ्यावर नवा नाहीं. राजांनीं, भिक्षूंनीं, व्यापाऱ्यांच्या तांड्यांनीं आणि साध्या गांवकऱ्यांनीं तो पूर्वीं सोडविला आहे, आणि त्यांचीं उत्तरें कातळांत, तळ्यांच्या बांधांत आणि विहिरींच्या नांवांत अजून वाचतां येतात.

कोंकणांत पाण्याची वाण पडते, हें ऐकून देशावरच्या माणसास हंसूं येतें. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत वर्षाकाठीं सरासरी तीन हजार मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ १२० इंच पाऊस पडतो. आंबोलीस तर त्याच्या दुपटीहून अधिक. परंतु हा सारा पाऊस मृगापासून हस्तापर्यंतच्या चार महिन्यांत येतो आणि आला तसा जातो. सह्याद्रीच्या माथ्यापासून समुद्र उणापुरा तीस-पस्तीस मैल. नदीला उतार तीव्र, वाट आंखूड. वर जांभ्याचा सडा. त्याच्या असंख्य भोंकांतून पाणी चाळणींतून गळावें तसें खालीं जातें. श्रावणांत येथें प्रत्येक व्हाळ खळाळतो, आणि नवख्या वाटसरूस वाटतें कीं या प्रदेशांत पाण्याची चिंता करणें हाच वेडेपणा. तोच मनुष्य शिमग्यानंतर त्याच वाटेनें आला तर त्याला कोरडे गोटे दिसतात. म्हणून या भागांत पाण्याची परीक्षा श्रावणांत नव्हे, वैशाखांत करावयाची असते. जें वैशाखांत उरतें तेंच भरंवशाचें पाणी.

तें कोठें उरतें? सड्याखालीं चिकण मातीचा थर लागला, म्हणजे झिरपलेलें पाणी खालीं जाण्याचें थांबून आडवें वाहूं लागतें आणि सड्याच्या पायथ्याशीं झरा होऊन फुटतें. आमच्याकडील कितीतरी गांवें, देवळें आणि देवराया अशाच झऱ्यांच्या आश्रयानें वसलेल्या आहेत. गांवाची जागा पूर्वजांनीं देखाव्यासाठीं निवडली नाहीं. घागर किती दूर न्यावी लागेल, हें पाहून निवडली.

आतां इतिहासांतील सर्वांत धीट उदाहरण घेऊं. मालवणच्या किनाऱ्यासमोर सुमारें अर्ध्या मैलावर कुरटें बेट आहे. तेथें शिवाजी महाराजांनीं २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं सिंधुदुर्गाची पायाभरणी केली. सुमारें ४८ एकरांचें हें बेट, भोंवतीं जवळजवळ दोन मैलांचा तट, आणि चोहोंकडे खारा समुद्र. शत्रूस दूर ठेवण्यास याहून उत्तम जागा नाहीं. परंतु जो समुद्र शत्रूस दूर ठेवतो तोच गोड्या पाण्यासही दूर ठेवील, अशी भीति कोणासही वाटावी. प्रत्यक्षांत गडाच्या आंत तीन विहिरी आहेत: दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. बाव म्हणजे विहीर. तिन्हींचें पाणी गोडें, आणि उन्हाळ्यांतही तें टिकतें. गडांत राहणाऱ्या कुटुंबांनीं पिढ्यान्‌पिढ्या याच पाण्यावर संसार केले.

लोक यास चमत्कार म्हणतात. शाळेंत मुलांना हा धडा शिकवितांना मी फळ्यावर एक त्रैराशिक मांडीत असें. बेट ४८ एकरांचें. पाऊस कमींत कमी अडीच मीटर धरला, तरी त्या बेटावर दरवर्षीं सुमारें ४८ कोटि लिटर पाणी आकाशांतून पडतें. त्यांतील पुष्कळसें समुद्रांत वाहून जातें, कांहीं उन्हानें उडतें. पण थोडा अंश जरी खडकांच्या भेगांत शिरला, तरी गडाच्या वस्तीला तो वर्षभर पुरावा. उरला प्रश्न असा, कीं हें पाणी खालच्या खाऱ्या पाण्यांत मिसळून कां जात नाहीं? गोडें पाणी खाऱ्याहून हलकें असतें आणि भेगांच्या अरुंद वाटांत दोहोंची सरमिसळ फार मंद होते. त्यामुळें गोडें पाणी वर तरंगतें. बाडोन घायबेन नांवाच्या डच लष्करी एंजिनियरानें १८८९ च्या सुमारास आणि हर्झबर्ग नांवाच्या जर्मन गृहस्थानें १९०१ मध्यें या गोष्टीचें गणित बसविलें. समुद्राच्या पातळीहून गोडें पाणी एक फूट उंच असेल, तर त्याखालीं सुमारें चाळीस फूट गोड्या पाण्याचा थर असूं शकतो. एखादें भिंग पाण्यावर ठेवावें तसा हा थर असतो. मात्र हांवरेपणानें उपसा केला, कीं भिंग पातळ होतें आणि खालचें खारें पाणी वर चढतें. सिंधुदुर्गाच्या बांधकामाच्या वेळीं हें गणित कोणास ठाऊक नव्हतें. पण खणून पाहणें आणि चाखून पाहणें या दोन कसोट्या ठाऊक होत्या, आणि त्या पुरेशा ठरल्या.

सिंधुदुर्गावर पाणी मिळालें म्हणून गड उभा राहिला. मिळालें नाहीं तर काय होई, याचें उदाहरण फार दूर नाहीं. मालवण तालुक्यांतच मसुऱ्याजवळ कालावलच्या खाडीच्या कांठीं एक टेकडी आहे. मोक्याची जागा; खालीं खाडी, पलीकडे दुसऱ्याची हद्द. १६७० च्या सुमारास महाराजांनीं ही टेकडी गडासाठीं पाहिली, परंतु पाण्याची वाण दिसून आल्यावर तो बेत सोडून दिला, असें वृत्त मिळतें. ज्यानें भर समुद्रांत तट उभारला, तो पुरुष एका कोरड्या टेकडीपुढें मागें फिरला. पुढें १६८० मध्यें वाडीच्या फोंड सावंतांनीं तीच टेकडी हातीं घेतली. आधीं खडकांत दोनशें फुटांहून खोल विहीर खणली, पाणी लागलें तेव्हां गड बांधावयास घेतला आणि तो १७०१ मध्यें पुरा झाला. हाच भरतगड. तहान लागल्यावर विहीर खणूं नये, ही आपली जुनी म्हण; भरतगडावर ती दगडांत खोदलेली आहे. आधीं विहीर, मग भिंत.

हाच अनुभव पुढें राजनीतीच्या ग्रंथांत नियम होऊन बसला. रामचंद्रपंत अमात्यांचें आज्ञापत्र १७१५ च्या सुमारास लिहिलें गेलें. अमात्यांची जहागीर बावड्याची, म्हणजे आमच्याच घाटाच्या माथ्यावरची. कोंकणचा पाऊस आणि कोंकणचा उन्हाळा दोन्ही त्यांच्या परिचयाचे. दुर्गांच्या प्रकरणांत ते सांगतात, कीं प्रथम पाणी पाहावें आणि मग गड बांधावा. पाणी नसून जागा सोडतां येत नसेल, तर खडक फोडून पुढील पावसाळ्यापर्यंत पुरतील एवढीं टाकीं आधीं करावीं. पण मला त्यांचा खरा विचार पुढच्या सूचनेंत दिसतो. गडावर झरा आहे, पाणी कसेंबसें पुरतें, म्हणून निश्चिंत राहूं नये. लढाईंत तोफांच्या दणक्यानें झरे आटतात आणि त्याच वेळीं पाण्याचा खर्च वाढतो. म्हणून दोन-चार टाकीं राखीव ठेवावीं, आणि एरवीं त्यांस हात लावूं नये. तोफांनीं झरे आटतात कीं नाहीं, हा वाद बाजूला ठेवूं. संकट येतें तेव्हां पाणी कमी होतें आणि गरज वाढते, हें मात्र पायीं चालणाऱ्या प्रत्येकानें ध्यानांत धरण्याजोगें आहे. वाट चुकते तीही भर उन्हांत, आणि साथीदाराचा पाय मुरगळतो तोही पुढचा पाणवठा दूर असतांनाच.

गडकऱ्यांची गरज वेढ्याची, वाटसरूची गरज रोजची. ती भागविण्याची रीति आपल्याकडे गडांहूनही फार जुनी आहे. कोंकण आणि देश यांना जोडणाऱ्या घाटवाटांनीं मीठ, मासळी, नारळ वर जात आणि धान्य खालीं येई. बैलांचा तांडा किती चालला, यावर मुक्काम ठरत नसे. पाणी कोठें आहे, यावर ठरत असे. उत्तर कोंकणांतील नाणेघाट हा सातवाहनांच्या काळचा प्रसिद्ध मार्ग. तेथें कातळांत खोदलेलीं पाण्याचीं टाकीं आहेत, आणि तेथील व कान्हेरीच्या शिलालेखांत टाक्याला ‘पोढी’ असा प्राकृत शब्द आहे. ‘पोढी दान दिली’ अशा अर्थाचे हे लेख दोन हजार वर्षांच्या घरांतले. देणारे कोण? बरेचसे गृहस्थ आणि व्यापारी. स्वतः ज्या वाटेनें गेले, तींतून आपल्यामागें कोण येईल हें ज्यांना ठाऊक नव्हतें, अशा माणसांनीं अनोळखी तहानेसाठीं कातळ फोडविला. आजही घाटांत चढतांना झाडींत चौकोनी खोदलेलें टाकें दिसलें, तर समजावें कीं आपण आडरानांत नाहीं, जुन्या वाटेवर आहों.

कातळाचें टाकें एका तांड्याची तहान भागवील. गांवाची आणि शेताची भागविण्यास तळें हवें. मालवणहून कुडाळकडे जातांना धामापूर लागतें. तेथें दोन टेकड्यांच्या मधली खिंड मातीच्या बांधानें अडवून केलेला विस्तीर्ण तलाव आहे. तो विजयनगरच्या अमलाखालीं १५३० मध्यें नागेश देसाई यांनीं बांधविला, असें सांगतात. कांठीं भगवतीचें देऊळ आहे. २०२० मध्यें आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगानें जगांतील जुन्या सिंचनकृतींच्या मानाच्या यादींत या तलावाचा समावेश केला. पण मला त्या मानपत्राहून अधिक मोलाची गोष्ट वाटते ती ही, कीं विजयनगर गेलें, आदिलशाही गेली, सावंतांच्या आणि करवीरच्या लढाया झाल्या, इंग्रज आले आणि गेले. तलाव मात्र चारशें नव्वद वर्षें पाणी देत राहिला. याचें श्रेय बांधणाऱ्यास आहेच. पण त्याहून अधिक, दरवर्षीं बांध पाहणाऱ्या, पाट साफ करणाऱ्या निनांवी हातांस आहे. नुसतें बांधून पाणी भरंवशाचें होत नाहीं; तें राखल्यानें होतें.

जेथें टाकें नाहीं, तळें नाहीं आणि विचारावयास माणूसही नाहीं, तेथें काय करावें? ‘नदीचें मूळ शोधूं नये’ अशी म्हण आहे. तहानलेल्यानें मात्र तें शोधावेंच. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें आपल्या बृहत्संहितेंत ‘दकार्गल’ या नांवाचें एक सबंध प्रकरण भूमिगत पाण्याच्या खुणांना दिलें आहे. जांभळीच्या पूर्वेस जवळच वारूळ असेल, तर झाडाच्या दक्षिणेस दोन पुरुष खोलीवर गोडें पाणी लागेल, अशा तऱ्हेचीं तीं विधानें आहेत. हीं जशींच्या तशीं धरून कुदळ मारावी, असें मी म्हणणार नाहीं. पण त्यांच्या मुळाशीं निरीक्षण आहे. जांभूळ आणि उंबर ओलीच्या आश्रयानें वाढतात. वाळवीलाही वारूळ उभारण्यास ओल लागते. आमच्याकडे केवड्याचीं बनें व्हाळाच्या आणि खाजणाच्या कडेनें माजतात. उन्हाळ्यांत एका बाजूस हिरवी रेघ दिसावी, गुरांच्या वाटा तिकडे वळाव्या, सकाळसंध्याकाळ पांखरांची गर्दी व्हावी. या साऱ्या खुणा एका जागीं मिळाल्या तर तेथें जाऊन पाहावें. नदीचें पात्र कोरडें असलें तरी वळणाच्या बाहेरच्या अंगास, वाळूंत हातभर खड्डा केल्यास पुष्कळदां पाणी पाझरतें. मात्र या खुणा म्हणजे साक्षीदार, निवाडा नव्हे. दिवसाच्या मजलीचा हिशेब त्यांच्यावर बसवूं नये.

पाणी सांपडलें म्हणजे प्रश्न संपला, असेंही नाहीं. दूध, दहीं, साखर हीं नांवें आमच्या पूर्वजांनीं जिभेनें ठेविलीं. जीभ खारेपणा अचूक ओळखते. रोग ओळखत नाहीं. १८५४ मध्यें लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागांत पटकीची सांथ आली, तेव्हां डॉक्टर जॉन स्नो यांनीं घरोघर चौकशी करून तिचें मूळ एका सार्वजनिक पंपाशीं नेलें. त्या पंपाचें पाणी बेचव नव्हतें. तेथून दूर हॅम्पस्टेडला राहावयास गेलेल्या एका वृद्धेला त्याची गोडी इतकी होती, कीं ती मुद्दाम तेथून बाटली भरून आणवी. आणि त्याच पाण्यानें तिचा अंत झाला. तेव्हां झरा कितीही निर्मळ दिसो, पाणी गाळून, खळखळून उकळी फुटल्यावर मिनिटभर तसेंच ठेवून मग प्यावें. पूर्वजांचा मान राखण्यासाठीं जंतूंस मान देण्याचें कारण नाहीं.

चवीवरून नांव पडलेलें आणखी एक पाणी कोंकणांत आहे, आणि त्याचा उल्लेख टाळून पाण्याचा इतिहास सांगणें मला प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं. महाडचें चवदार तळें! वर मीं ‘वाटसरू’ हा शब्द सरसकट वापरला. परंतु शेंकडों वर्षें या देशांत सर्व वाटसरू सारखे नव्हते. ज्या पाणवठ्यावर एकाची गुरें पाणी पीत, तेथेंच दुसऱ्या माणसास ओंजळ भरण्याची बंदी होती. त्या दुसऱ्या माणसास झरा जिवंत असला काय आणि आटला काय, सारखेंच. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं मुंबई कायदेकौन्सिलांत सीताराम केशव बोले यांच्या सूचनेवरून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या वर्गास खुले करण्याचा ठराव झाला. महाडच्या नगरपालिकेनें १९२४ मध्यें त्याप्रमाणें तळें खुलें केल्याचें जाहीर केलें. तरीही कागदावरचें पाणी कोणाच्या घशांत उतरलें नाहीं. २० मार्च १९२७ रोजीं डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर हजारों अनुयायांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर त्या लोकांस मारहाण झाली, तळ्याची ‘शुद्धि’ करण्यांत आली, खटला चालला, आणि मुंबई हायकोर्टाचा अखेरचा निकाल १७ मार्च १९३७ रोजीं त्यांच्या बाजूनें लागला. ओंजळभर पाण्यासाठीं दहा वर्षें! भरंवशाचें पाणी तें, जें वैशाखांत टिकतें आणि ज्याच्या कांठावर कोणी कोणास अडवीत नाहीं. या दुसऱ्या अर्थानें आपल्या पुष्कळशा जुन्या विहिरी कधींच भरंवशाच्या नव्हत्या.

आजच्या काळीं निराळीच अडचण उभी आहे. घरोघर नळ आले, ही सुखाची गोष्ट. बायकांच्या डोक्यावरची घागर उतरली. परंतु ज्या दिवशीं घागर उतरली, त्या दिवशीं विहिरीकडे जाणारी पायवाटही मोडूं लागली. पूर्वीं पावसाळ्याच्या तोंडावर गांव मिळून विहीर उपसून गाळ काढीत असे. आतां कित्येक ठिकाणीं विहिरीवर झाडोरा माजला आहे आणि आंत रिकाम्या बाटल्या तरंगतात. त्यांतल्या कांहीं वाटसरूंनींच टाकलेल्या असतात. नकाशांत ‘विहीर’ अशी खूण दिसते, आणि मनुष्य त्या खुणेवर विसंबून दोन तास चढतो. खूण खोटी नसते. तिला जागतें ठेवणारें माणूस तेथून उठून गेलेलें असतें.

म्हणून तरुण मित्रांस माझें सांगणें एवढेंच, कीं घाटाखालच्या शेवटच्या गांवीं आदल्या संध्याकाळीं पोंचावें आणि एखाद्या वडील माणसास किंवा गुरें राखणाऱ्या पोरास विचारावें. ‘वर पाणी आहे का?’ असें विचारूं नये; त्यास उत्तर नेहमीं ‘आहे’ असेंच येतें, कारण पाहुण्यास नाहीं म्हणणें आमच्याकडे जिवावर येतें. विचारावें तें असें: ‘काका, वैशाखांत तेथें पाणी असतें का? आणि तुम्ही स्वतः तें पितां का?’ या दोन प्रश्नांनीं ऋतूही कळतो आणि राखणही कळते. उन्हाच्या दिवसांत डोंगर चढणाऱ्यास चार-पांच लिटर पाणी सहज लागतें. अमात्यांच्या सूचनेप्रमाणें एक बाटली राखीव ठेवावी, आणि पुढचा पाणवठा डोळ्यांनीं दिसेपर्यंत तिचें बूच काढूं नये. टाक्यांत उतरून हातपाय धुऊं नयेत. पाणी भांड्यानें काढून बाहेर धुवावे. आणि जातांना तळाशीं साचलेला पालापाचोळा चार ओंजळी तरी काढून टाकावा. पोढी खोदविणाऱ्यांनीं आपल्यासाठीं कातळ फोडविला. आपल्यामागून येणाऱ्यासाठीं आपण निदान पाला काढावा.